मामांचा हिरवा चेहरा

डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर लॅपटॉप आपणच निवडायचा, असं भाचीने ठरवलं होतं. पण आई म्हणाली, "मामाला विचार. तो दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो." मामा एका कंपनीत पगारपत्रकं करायचे. त्यांनी विचारायची सवडच दिली नाही. एका संध्याकाळी खोकं घेऊनच दारात उभे राहिले.

"मला रंग बरोबर दाखवणारा स्क्रीन हवा होता," ती दातओठ खात म्हणाली.

"रंग काय, सगळ्यांतच दिसतात. याची बटणं बघ. आकड्यांची वेगळी दिली आहेत."

"मी तिथे आकडेमोड शिकायला चाललेय का?"

आईने डोळे वटारले म्हणून ती खोकं उचलून आत गेली. पण मनातली धुसफुस काही थांबली नाही.

कॉलेजात पहिलंच काम मिळालं ते लॅपटॉपवर जवळच्या माणसाचं चित्र रंगवायचं. मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून हौसेने समोर बसले. त्यांचा चेहरा स्क्रीनवर उगाचच लालबुंद दिसत होता. तिने चिडून त्यात थोडा हिरवा मिसळला, मग आणखी थोडा, तेव्हा कुठे मामा माणसांत आले. चांगले टवटवीत दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते चित्र वर्गातल्या मोठ्या पडद्यावर लागलं आणि खसखस पिकली. मामा शेवाळासारखे हिरवेगार होते. मॅडमनी हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

ती तणतणत लॅपटॉपसकट मामांच्या घरी धडकली. "तुमच्या या डबड्यामुळे माझं हसं झालं."

"कॉलेजचा पडदा बिघडला असेल," मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

आता मात्र तिचा पारा चढला. मामांना अक्षरशः ओढतच तिने दुकान गाठलं.

"सील फोडलंय," दुकानदार म्हणाला. "परत घेता येणार नाही."

"ते नंतर. आधी बघा." आपल्या लॅपटॉपवर आणि चित्रकारांसाठी म्हणून मांडलेल्या लॅपटॉपवर तिने तेच चित्र उघडलं. एकीकडे टवटवीत मामा, शेजारी हिरवे मामा.

"यातला खरा कुठला?" मामांनी विचारलं.

दुकानदार घुटमळला. "चित्र हिरवंच आहे, साहेब. तुमचा स्क्रीन लाल मारतो, म्हणून कळत नाही."

"म्हणजे अख्ख्या वर्गाने मला असं पाहिलं?"

"आणि तब्येतही विचारली," भाची म्हणाली.

मामा भडकले. आधी दुकानदारावर, मग लॅपटॉप बनवणाऱ्यांवर, मग तो सुचवणाऱ्या ऑफिसातल्या मित्रावर. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं चित्राकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघताना त्यांना दिसली. त्यांनी झटकन हिरव्या मामांवर झाकण पाडलं.

"हिला हा द्या."

"पण जुना मी घेणार नाही, सांगितलं ना."

"तुम्हाला देतंय कोण? तो मी वापरीन."

नवं खोकं बगलेत मारल्यावर भाचीचा राग जरा निवळला. निदान ते चित्र तरी पुसून टाकावं म्हणून ती जुन्या लॅपटॉपवर वाकली, तर मामांनी तिचा हात धरला.

"असू दे," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. "इतका तरतरीत माझा एकही फोटो नाही."