तुकडे गेले कुठं?

बाळांनो, आपल्या शेजारच्या यादोरावांसमोर काही फुटलं, तर ते तुकडे उचलू देत नाहीत. परवा माझ्या हातून कप पडला. मी झाडू आणला, तर यादोराव आडवे. "थांबा बाई. फुटलं तं फुटलं, पण तुकडे गेले कुठं?" मग वाकून एकेक तुकडा कुठवर उडाला ते बघत बसले.

यादोराव सकाळी तलावात मासे धरतात आणि दुपारी माझ्या ओट्यावर बसून फाटकी जाळी विणतात. त्यांची मुलगी मनीषा परदेशात संशोधन करते. कशाचं, ते त्यांना सांगता येत नसे. शेवटी तिचा छापील लेख घेऊन माझ्याकडे आले. "तुमचं इंग्रजी हाय. वाचा."

रसायनशास्त्र माझा विषय नव्हता, पण शब्दकोश घेऊन बसले. ती अभ्यासते त्या रेणूत दोन अणू जोडलेले असतात. लेसरचा निमिषभराचा प्रखर झोत त्यांना धरून ठेवणारे इलेक्ट्रॉन ओढून काढतो. मग उरलेले दोघे एकमेकांना ढकलून दूर उडतात. ते यंत्राच्या पडद्यावर कुठे आणि केव्हा आदळले, यावरून मूळची जोडी कशी होती ते कळतं.

"म्हंजे दोन जावा, मधात सासू," यादोराव म्हणाले. "सासू उठली का दोघी दोन कोपऱ्यात."

"अगदी बरोबर."

"मी सारी उमर गाठी मारून राहिलो, अन् पोरगी तोडून राहिली."

लाखांदूरच्या एसटीत त्यांनी हाच रेणू शेजारच्या दोन बायकांना समजावला. त्या नेमक्या जावा निघाल्या. एक उठून पार पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"यादोराव, या वयात एवढं काहून शिकता?" मी विचारलं.

ते जाळ्याची गाठ आवळत राहिले. "मनीषाची माय होती तवा तीच मधात बोलत होती. आता रविवारी फोन येते. जेवले का? जेवलो. तू? हो. मंग दोघंही चूप. मले तिले एक सवाल पुसाचा हाय."

मी चांगले पाच प्रश्न लिहून दिले. त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला.

रविवारी फोन माझ्या ओट्यावरच आला. जेवणाचं झालं. मग त्यांनी घसा खाकरला. "बेटा, तुकडे कुठं गेले ते पाहून, जोडी कशी होती ते खरंच समजते?"

फोनमधून मनीषाचा आवाज आला, "बाबा, तुमाले हे कोणं सांगतलं?" आणि ती जी सुरू झाली, ती थांबेचना. यादोराव नुसते "हो, मंग?" म्हणत होते. अर्धविणलं जाळं मांडीवरून घसरलं, तरी लक्ष नाही.

मी चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा बाहेर आले, तेव्हा त्यांनी फोनवर हात ठेवून मला हळूच सांगितलं, "बाई, सांगून राहिली."