बंद टीव्हीवरचं भाषण

हाडांच्या वॉर्डातला सकाळचा राऊंड संपवताना सर्जन दोन खाटांच्या मधोमध उभे राहिले आणि शेवटचं सांगितल्यासारखं म्हणाले, "उद्या सकाळी दोघांचंही प्रेशर जागेवर असलं तर दोघांनाही घेतो. नसलं तर मी परवापासून लांब रजेवर चाललोय. तोवर हाडं आपल्या मर्जीनं जुळतील. वाकडी जुळली की मग माझ्या नावानं बोटं मोडू नका."

हे ते पेशंटना सांगत होते, पण बघत होते सिस्टरकडे. त्यात त्यांचं चुकत नव्हतं. डावीकडच्या खाटेवर हात प्लॅस्टरमध्ये घालून पडलेले तात्या हे सिस्टरचे वडील होते आणि उजवीकडे पाय ताणून बांधलेले मामंजी हे तिचे सासरे. माहेर आणि सासर एकाच वॉर्डात भरती झालेलं तिच्या ओळखीत तरी दुसरं कोणी नव्हतं.

ह्याला कारण साहेब. देशाचा कारभार साहेबांच्या हातात होता आणि सगळा देश त्यांना नुसतं 'साहेब' म्हणे, कोणी हात जोडून तर कोणी दातओठ खाऊन. तात्या हात जोडणाऱ्यांतले. मामंजी दुसऱ्या गोटातले. साहेबांचं मागचं भाषण संपल्यावर दोघे वाद घालत जिना उतरत होते. साहेब देशाला किती उंच नेणार आहेत हे दाखवायला तात्यांनी एक हात वर केला, आणि ते देशाला कसे खड्ड्यात घालतायत हे दाखवायला मामंजींनी त्यांचा दुसरा हात धरून खाली ओढला. जिन्याला कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. त्यानं दोघांनाही खाली आणून सोडलं.

तेव्हापासून ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं गेलं होतं. पहिल्या वेळी पेपरातल्या एका मथळ्यानं दोघांचंही प्रेशर चढलं. दुसऱ्या वेळी कोणाला तरी भेटायला आलेला माणूस दारातून नुसता "काय म्हणतायत तुमचे साहेब?" असं विचारून गेला, तेवढं पुरलं. आणि आज संध्याकाळी साहेब देशाला उद्देशून भाषण करणार होते. मोठं भाषण, सगळ्या चॅनेलवर.

सिस्टर कंबर कसून कामाला लागली. पेपर तिनं ड्रेसिंगच्या कपाटात कोंबले. दोघांचे फोन चार्जिंगला म्हणून नेले ते परत दिलेच नाहीत. दुपारी जेवणं झाल्यावर स्टुलावर चढून तिनं भिंतीवरच्या टीव्हीची वायर मागून काढली, गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं, "टीव्ही बिघडलाय. मेकॅनिक उद्या येणार."

आरडाओरडा होईल अशी तिची अपेक्षा होती. तात्या म्हणाले, "बरं." मामंजी म्हणाले, "हरकत नाही." एवढं समजूतदारपण त्या दोघांनी उभ्या जन्मात दाखवलं नव्हतं. सिस्टरला ते बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

संध्याकाळी भाषणाची वेळ झाली आणि वॉर्ड एकदम शांत झाला. खोकणारे खोकायचे थांबले. तात्या उशीला टेकून नीट बसले. मामंजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. दोघेही समोरच्या काळ्या पडद्याकडे बघायला लागले.

थोड्या वेळानं तात्यांनी चांगल्या हातानं मांडीवर थाप मारली. "वा. काय सुरुवात आहे."

"आली," मामंजी म्हणाले. "पहाट आली. दर भाषणात पहाट. उजाडत मात्र नाही कधी."

"तुम्हाला डोळे मिटून बसायचंय, तर साहेब काय करणार, व्याही?"

"डोळे उघडेच आहेत माझे. बोट बघा कसं नाचवतायत. शाळेत मी असल्या पोरांना बाकावर उभं करायचो."

सिस्टर औषधांचा ट्रे धरून जागीच उभी राहिली. पडदा काळा होता. खिशात हात घालून तिनं वायर चाचपली. वायर होती. तिनं उशा उचलून पाहिल्या, चादरी झटकल्या, दोघांच्या कानांत डोकावून पाहिलं. रेडिओ नाही, काही नाही. एवढ्यात तात्यांनी पुन्हा थाप मारली आणि नेमक्या त्याच क्षणी, खिडकीपलीकडच्या इमारतीतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती खिडकीशी गेली आणि तिनं नवऱ्याला फोन लावला. तो घरी टीव्हीसमोर होता. बाप एका बाजूला आणि सासरा दुसऱ्या, त्यामुळे लग्नापासून त्याला स्वतःचं मत नव्हतं.

"अहो, साहेब आत्ता काय बोलले?"

"पहाट होतेय म्हणाले. मग बोट नाचवलं. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं मनाची समजूत घातली. साहेबांची भाषणं आणि ह्या दोघांची भांडणं ठरलेलीच. वर्षानुवर्षं ऐकून पाठ झाली असतील. पण कोपऱ्यातल्या खाटेवरचा रंगारी तर साहेब आणि त्यांच्या विरोधकांना एकाच तराजूत तोलणारा माणूस, आणि त्याला दुपारीच झोपेचं इंजेक्शन दिलेलं होतं. तोही आता मिटल्या डोळ्यांनी मूठ वर करत होता.

तिनं घाईघाईनं तात्यांच्या दंडाला पट्टा बांधला. पारा सरसर वर निघाला होता. मामंजींचं तर बघायचीही तिला भीती वाटली. उद्याचं ऑपरेशन गेलं, आता तात्यांचा हात वाकडा राहणार आणि मामंजींचा पाय, हे तिला स्वच्छ दिसलं. ती तरातरा जाऊन टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली.

"सूनबाई, जरा बाजूला हो," मामंजी म्हणाले. "दिसत नाही."

"काय दिसत नाही? टीव्ही बंद आहे."

"बंद आहे ते कळतंय की आम्हाला," तात्या म्हणाले. "आम्ही काय वेडे आहोत का? पण साहेब बोलतायत ना, पोरी."

सिस्टरचं डोकं फिरलं. बंद टीव्हीचंच ऐकायचं असेल तर टीव्ही असं काहीतरी बोलेल, ज्यावर ह्या दोघांपैकी एकाकडेही उत्तर तयार नसेल, असं तिच्या मनात आलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, "साहेब म्हणतायत, माझं चुकलं."

तात्यांची थाप हवेतच राहिली. मामंजींनी टोमण्यासाठी उघडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. टाळी वाजवावी तर कशावर, आणि नावं ठेवावी तर कशाला? रंगाऱ्याची मूठ सावकाश खाली आली. समोरच्या इमारतीतला गलका कोणीतरी गळा धरल्यासारखा बंद झाला.

सिस्टरचा फोन वाजला. नवरा कुजबुजत होता. "अगं, ऐकलंस का? साहेब बोलता बोलता थांबले, कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, माझं चुकलं."

सिस्टरनं विचारलं, "आणि आता?"

"आता नुसते उभे आहेत. कोणीतरी पुढचं सांगेल म्हणून वाट बघतायत, असं वाटतंय."

खाटांवरून सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत होता. "पुढं काय म्हणाले?" मामंजींनी हळूच विचारलं. समोरच्या खिडक्यांतही माणसं उभी होती आणि अंधारात त्यांचे चेहरे दिसत नसले तरी ते इकडेच वळलेले आहेत असं तिला वाटलं. अशा वेळी माणसाच्या तोंडून रोजचं तेच बाहेर पडतं.

"पुढं काही नाही," ती म्हणाली. "गुमान झोपा सगळे. उद्या ऑपरेशन आहे."

तात्या आडवे झाले. मामंजींनी चष्मा काढून उशाशी ठेवला. समोरच्या इमारतीतले दिवे एकामागून एक मालवत गेले. फोनमधून नवरा काहीतरी सांगायला लागला होता, पण सिस्टरला ते ऐकायचं नव्हतं. तिनं फोनच बंद केला.

सकाळी दोघांचंही प्रेशर एखाद्या तरण्या पोरासारखं होतं. सिस्टरनं पट्टा दोनदा बांधून पाहिला. सर्जन खुशीत होते. त्यांनाही म्हणे काल कधी नव्हे ती लवकर झोप लागली होती.

वॉर्ड झाडायला आलेल्या मावशींनी बाहेरची खबर आणली. "फाटकाशी दोन मोर्चे आलेत, सिस्टर. एक म्हणतोय, देशाच्या दुखण्यावर घाव घालायला छाती लागते, ऑपरेशन झालंच पाहिजे. दुसरा म्हणतोय, ऑपरेशन कोणाचं ते आधी सांगा. साहेब काल 'गुमान झोपा, उद्या ऑपरेशन आहे' म्हणाले, पण कोणाचं ते सांगितलं नाही ना. टीव्हीवर काल रात्रीपासून हेच चाललंय."

सिस्टरला भोवळ आल्यासारखं झालं, पण भोवळ यायलाही तिला सवड नव्हती. आधी तात्यांना न्यायचं होतं. ते तर लग्नाला निघाल्यासारखे निघाले. "साहेबांनी सांगितलंय, उद्या ऑपरेशन. म्हणजे आज," असं स्ट्रेचरवरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत ते आत गेले.

तासाभरानं मामंजींची पाळी आली. मामंजींनी खाटेची कड घट्ट धरली होती.

"मी येणार नाही. माझा बहिष्कार आहे."

"कशावर?"

"ऑपरेशनवर. त्यांनी हुकूम सोडायचा आणि आम्ही पाय पुढं करायचा? पाय वाकडा राहिला तरी चालेल, सूनबाई. मान वाकणार नाही."

"अहो, ऑपरेशन तुमचं ठरलेलं होतं. त्यांचा काय संबंध?"

"मग नेमकं तेच का बोलले ते?"

ह्याचं उत्तर सगळ्या देशात फक्त सिस्टरला ठाऊक होतं आणि ते देणं शक्य नव्हतं. आतून निरोप आला की सर्जन थांबणार नाहीत. तिनं मामंजींच्या पायाकडे बघितलं. ह्या पायानं ते तिच्या बाळंतपणात रोज दोन वेळा डबा घेऊन चालत आले होते, साहेबांवर तोंडसुख घेत का होईना. तो पाय वाकडा झालेला तिला बघवला नसता. काळा पडदा समोरच होता. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि कालच्यापेक्षा आज जास्त भीती वाटत होती. तात्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद आहे ना, हे तिनं वळून पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब म्हणतायत, ऑपरेशन रद्द."

मामंजी ताडकन उठून बसले. "रद्द? कोण रद्द करतंय बघतोच मी. स्ट्रेचर आणा."

त्यानंतरचा वेळ सिस्टरनं दाराबाहेरच्या बाकावर काढला. आत तिची दोन म्हातारी माणसं होती. बाहेर, फाटकाशी, मोर्चांनी आपापल्या घोषणांची अदलाबदल केल्याचं तिला ऐकू येत होतं. शेवटी दार उघडलं. सर्जन मास्क खाली ओढत म्हणाले, "दोघांच्याही प्लेटा छान बसल्या. हाडं सरळ. जा, आता तूही घरी जाऊन झोप."

सिस्टरला इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. ती बाकावर बसून ओंजळीत तोंड लपवून मनसोक्त रडली. फोन चालू करताच वाजला, तेव्हाही हुंदके थांबत नव्हते.

"अगं, होतीस कुठं?" नवऱ्याचा आवाज घाबरा झाला होता. "साहेब सकाळीच परत टीव्हीवर आलेत. 'ऑपरेशन रद्द' एवढंच म्हणाले आणि तेव्हापासून नुसते उभे आहेत. आत्ता अचानक रडायला लागलेत. अगदी हुंदके देऊन. कशासाठी, ते कोणालाच कळत नाहीये."

समोरच्या इमारतीतून टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात दोन्ही स्ट्रेचर बाहेर आली. तात्या अजून गुंगीत होते, पण चांगला हात मांडीवर थापा मारत होता. मामंजींचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ओठ वाकडे केले आणि पुटपुटले, "नाटकं आहेत सगळी."

सिस्टरला ते फार लागलं. इतकं लागलं की फोन कानाशीच आहे हे ती विसरली.

"नाटक नाही हो, मामंजी," ती डोळे पुसत म्हणाली.

फोनमधून आधी टीव्हीचा आवाज आला, मग नवऱ्याचा.

"नाटक नाही म्हणतायत," तो म्हणाला. "पण हे मामंजी कोणाला म्हणाले गं ते?"