गुलाबच्या हातचा गचका भात

"सूनबाई, पानातला एक दाणा उचलला, तर शेजारच्या दाण्याले पत्ता लागू नये!"

बावीस वर्षांपूर्वी ऐकलेला सासूचा हा आवाज शकुनबाईंच्या कानात अजून होता. सासू गेली, आवाज चुलीजवळच बसून राहिला.

आज एकोडीच्या या घरात पहाटेपासून धांदल होती. आसगावचे मारोतराव आपल्या लेकासाठी शकुनबाईंच्या गुलाबला पाहायला यायचे होते. पोरीच्या हातचा भात खाऊनच ते बोलणी करत. दोन घरी तर दोन घास घेऊन न बोलताच उठले होते. आणि गुलाबला मुलगा जत्रेत पाहूनच आवडला होता. सकाळपासून तिने तीनदा वेणी घातली होती.

तिने चुलीवरच्या गंजाचं झाकण उचललं आणि किंचाळली, "मा! पळी उभीच राहून राहिली वं!"

गंजात भात नव्हता, गोळा होता.

"अजी, धान भरडाले हलरवर कोणतं पोतं नेलं होतं?" शकुनबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"कोपऱ्यातलं," केवळराम म्हणाले.

"कोणत्या कोपऱ्यातलं?"

केवळराम आढ्याकडे पाहू लागले. जुना चिन्नोर धान दुसऱ्या कोपऱ्यात तसाच होता. भरडून आला होता यंदाचा, शेताची ओल अजून न सोडलेला. आणि गुलाबने पाणी ओतलं होतं जुन्याच्या मापाने. आता नव्याने भरडायचं कधी? पाहुण्यांच्या बैलांचे घुंगरू गल्लीत वाजू लागले होते.

शकुनबाईंनी थोडा भात सुपात पसरून वारा घातला. तो सुपालाच चिकटला. सूप झटकलं, तर एक गोळा उडून कोंबडीपुढे पडला. तिने टोच मारली आणि चोचच मिटली! मान झटकत ती थेट अंगणात, पाय धुणाऱ्या मारोतरावांपुढे.

"भाऊ, तुमची कोंबडी काहून मुकी झाली गा?"

"लाजून राहिली जी, पाहुणे पाहून!" केवळराम घाम पुसत म्हणाले.

पानं मांडली. मारोतरावांनी एक घास घेतला. दाराआड गुलाबने पदराचं टोक चावलं. दुसरा घास. तिसरा. मग ताट पुढे सरकलं.

"वाढ वं पोरी! दोन घरून उपाशी उठलो मी. दाणा दाणा मोकळा, हिरडीनं कसा चावू?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकच दात, बांधावरच्या एकट्या पळसासारखा. "पोरगी पसंत!"

गुलाब लाजून परसात पळाली. शकुनबाई चुलीकडे बघत राहिल्या. आज तिथून कोणी बोललं नाही.

केवळरामांनी घसा खाकरला, रिकामं ताट बायकोपुढे धरलं आणि हळूच म्हणाले,

"शकुन, मलेबी असाच आवडते वं. बावीस वर्सं मायच्या भेवानं बोललो नाही."