सात नंबरची रिकामी जागा

धाकूदादा आधी चपला काढायचा. मग जिथे गाडी लावायची असेल तिथे अनवाणी उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि मान थोडी कलती करायचा, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तशी. गाडीवाला इंजिन चालू ठेवून ताटकळतोय, मागून दुसरी गाडी हॉर्न देतेय, तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतंय, तरी धाकूदादा जागचा हलायचा नाही. बऱ्याच वेळाने डोळे उघडून निकाल द्यायचा. "लावा." किंवा, "हितं नको. हितं आज जड लागतंय."

शहापूरहून शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची तीन मजल्यांची सोसायटी आहे. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात ती उभी राहिली, तेव्हा इथे गाडी असलेला माणूस लग्नात पहिल्या पंगतीला बसायचा. पुढच्या सात-आठ वर्षांत मात्र घरटी गाडी आली. आवारात जागा दहा आणि गाड्या चौदा, अशी गत झाली. कुणाची कुठे लावायची हे ठरवायचा अधिकार कुणीही न देता धाकूदादाने घेतला. तो आमचा वॉचमन. सडपातळ, साठीचा, खाकी शर्ट दोन मापांनी मोठा. कमिटीने दिलेली शिट्टी त्याने एकदाही वाजवली नाही. म्हणायचा, "शिट्टीनं गाड्या बुजतात."

हे तो गमतीने म्हणत नव्हता. जन्मभर गोठा सांभाळलेला माणूस. त्याच्या लेखी आमचं पार्किंग हा गोठाच होता. पाटकरांची जुनी फियाट म्हणजे भाकड म्हैस, तिला सावली पाहिजे. तळमजल्यावरच्या मास्तरांची मारुती म्हणजे पारडी, तिला भिंतीच्या कडेला घ्यायची, नाहीतर कुणीतरी शिंग मारेल. एकदा दोन नव्याकोऱ्या गाड्या शेजारी लावायला तो तयार होईना.

"का रे धाकू?" पाटकरांनी विचारलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी.

"दोगींचं पटत नाय."

"अरे, गाड्या आहेत त्या!"

"गाड्याच. पन येकीचा मालक दुसरीच्या मालकाशी बोलत नाय. त्या काय बहिऱ्या हायेत?"

दोघा मालकांचा पाण्याच्या टाकीवरून अबोला होता हे खरंच होतं. आठवड्याच्या आत एकीचा आरसा तुटला. धाकूदादाने नुसती तंबाखू मळली.

त्याचं ठरलेलं वाक्य एकच. "गाडी उभी नाय करायची, साहेब, निजवायची." रात्री कामावरून येणारी माणसं पहिल्यांदा चिडायची, मग हसायची, आणि वर्षभराने त्याच्यासारखीच बोलू लागायची. आमच्याकडे अजून बायका खिडकीतून विचारतात, "अहो, गाडी निजवली का?"

पण सात नंबरच्या जागेवर तो कुणालाच गाडी निजवू द्यायचा नाही.

सात नंबर म्हणजे आवाराच्या मागचा कोपरा. दोन बाजूंना भिंत, दुपारनंतर गार सावली. दहांतली सगळ्यांत चांगली जागा, आणि ती कायम रिकामी. चौदा गाड्यांतल्या पाच रस्त्यावर धूळ खात उभ्या असायच्या, पण सातमध्ये पालापाचोळासुद्धा नसायचा. धाकूदादा ती रोज झाडायचा. इतर जागा आठवड्यातून एकदा. कुणी तिकडे गाडी वळवली की आडवा हात करायचा. "ती भरलेली हाय."

"कुठे भरलेली? कोण आहे?"

"हाय," म्हणायचा, आणि दुसरीकडे बघायचा.

एवढ्यावर माणसं गप्प बसत. मीटिंगमध्ये एकदा 'सात नंबरच्या जागेचा वापर' असा विषय पाटकरांनी लिहून आणला होता, पण त्यावर बोलायला कुणी हात वर केला नाही.

मग देशमुख म्हणून बँकेतले एक गृहस्थ बदलून आले. शहरात राहिलेले, वादाला पक्के. त्यांनी पहिल्याच दिवशी सातमध्ये गाडी घातली. धाकूदादाने आडवा हात केला, तर काच खाली करून म्हणाले, "भरलेली असेल तर त्यांना जरा सरकून घ्यायला सांग."

धाकूदादा बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती माणसं जमली होती. जवळच्या खाणीतल्या क्रशरची पांढरी धूळ तेव्हा रोज गाड्यांवर बसायची. त्या धुळीत पावलं उमटली होती. तान्ह्या मुलाची, माझ्या अंगठ्याएवढी. मागच्या डिकीवरून चढून काचेवर, काचेवरून टपावर. टपाच्या मधोमध ती संपली होती. परत फिरलेली नव्हती.

"पोरांनी केलं असेल," देशमुख म्हणाले. पण आवाज वादाचा नव्हता. तेव्हा सोसायटीतलं सर्वांत लहान मूल चौथीत होतं. देशमुखांच्या पत्नी खालीसुद्धा उतरल्या नाहीत. दुपारच्या आत गाडी रस्त्यावर गेली ती कायमची.

मी मात्र गर्दीत उभा राहून धाकूदादाकडे बघत होतो. तो नळावर हात धूत होता. त्याच्या उजव्या मुठीची करंगळीकडची कड पांढरी झाली होती. गोकुळाष्टमीला बायका उंबऱ्यापासून देवापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढतात. तांदळाच्या पिठात मुठीची कड बुडवून टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. मला हसू आलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माझं हसू तिथेच संपलं. कारण हा सगळा खटाटोप तो कशासाठी करतो हे त्या गर्दीत मला एकट्यालाच माहीत होतं. तो ज्या जागेसाठी करतोय ती जागाच चुकीची आहे, हेही मलाच माहीत होतं.

हे सांगायचं मी आजवर टाळलं. आता टाळण्यासारखं वय राहिलेलं नाही.

सोसायटीखालची जमीन मुळात धाकूदादाच्या घरची, भाताची खाचरं. भावांना विकायची होती, त्यात त्याचं एकट्याचं चाललं नाही. मी मोजणीचं काम करायचो. व्यवहाराच्या आधी फीत घेऊन मीच तिथे गेलो होतो. बांधावर एका ठिकाणी चार धोंडे आणि त्यांवर बोरीच्या काट्यांची फांदी होती. धाकूदादा आणि त्याची बायको त्या धोंड्यांपाशी उभी होती.

"सरवेसाहेब," तो म्हणाला, "ही आमची पोरगी. अकरा दिसांची गेली. नाव ठिवायचंपन ऱ्हायलं. येवढी जागा सोडा. कागदावर आना."

इतक्या लहान मुलाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे आणि काटे. त्याची सातबाऱ्यावर नोंद नसते. मी हद्दीच्या दगडापासून अंतर मोजलं, वहीत लिहिलं, आणि त्याला शब्द दिला. बिल्डरनेही तोंडी हो म्हटलं. पुढे नकाशा करताना लक्षात आलं की ती जागा बरोबर गेटमध्ये येते. बिल्डर म्हणाला, "वहीतलं वहीत राहू द्या." मी राहू दिलं. त्याच इमारतीत मी घरही घेणार होतो. उगाच कशाला वाकडेपणा, एवढाच विचार केला.

बांधकामाची दोन वर्षं धाकूदादा मुरबाडकडे मेहुण्याच्या गावी होता. तिथेच त्याची बायको वारली. तो परतला तेव्हा सगळीकडे पुरुषभर मुरुमाचा भराव पडून वर फरशी झाली होती. ज्या शेतात तो डोळे मिटून चालायचा, तिथे तो गेटपासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून गेटपर्यंत फिरत राहिला. मी गॅलरीत होतो. त्याने वर पाहून विचारलं, "सरवेसाहेब, कुटं आली वो ती?"

तो नेमका गेटमध्ये उभा होता. त्याच जागेवरून नुकताच एक सिमेंटचा ट्रक गेला होता. मी हात लांब करून मागचा गारव्याचा कोपरा दाखवला.

"तिथे आहे. मुद्दाम राखून ठेवलीय."

त्याने मला हात जोडले. पुढच्याच आठवड्यात त्याने वॉचमनची नोकरी धरली. त्या कोपऱ्याला सात नंबर मिळाला तो नंतर.

दुपारी सगळीकडे सामसूम झाली की तो सातच्या कडेला स्टूल टाकून बसायचा आणि हळू आवाजात बोलत राहायचा. कुणाची गाडी आली, कुणाची पंक्चर झाली, सापगावच्या बाजूला नदीला किती पाणी चढलं. मी पडदा ओढून घ्यायचो.

अशी नऊ वर्षं गेली. मग रस्त्यावरच्या गाड्यांवरून भांडणं विकोपाला गेली आणि पाटकरांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. सात नंबरसकट. माझ्या मुलाने नुकतीच मला त्याची जुनी गाडी देऊन टाकली होती, म्हणून माझंही नाव होतं. सात नंबर माझ्या नावाने निघाला.

कुणीतरी टाळी वाजवली. पाटकर म्हणाले, "जपून हो, टपावर पावलं उमटतील."

संध्याकाळी धाकूदादा माझ्या दारात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच वर आला होता. चपला खालीच ठेवल्या होत्या.

"दुसऱ्या कुनाला मी भ्याव दाखवलं आसतं," तो म्हणाला. "तुमाला कसं दाखवू? तुमाला सगळं म्हायती हाय. तुमीच जागा राखलीत. नका लावू, साहेब."

मी 'नाही लावत' एवढं म्हणून दार लावू शकलो असतो. तो समाधानाने खाली गेला असता. पण 'तुमीच जागा राखलीत' हे ऐकल्यावर ते जमेना.

"धाकूदादा," मी म्हटलं, "ती तिथे नाही."

मी जुनी वही काढली, फीत काढली. खाली गेलो. हद्दीचा दगड अजून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, पायात दिसतो. फितीचं टोक त्याच्या हातात दिलं आणि मोजत गेटपर्यंत आलो. बोट टेकवलं. त्याच क्षणी बाहेरून पाटकरांची फियाट आत वळत होती. धाकूदादाने दोन्ही हात पसरून ती थांबवली, आणि मी दाखवलेल्या जागी अनवाणी उभा राहिला. डोळे मिटले नाहीत.

"इतकी वर्सं," तो म्हणाला. "मीच हात करकरून गाड्या आत घेतल्या."

तो मला शिव्या देईल, मारेल असं वाटलं होतं. त्याने फीत गुंडाळून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून तो गेटपाशी प्रत्येक गाडी थांबवून, पुढे चालत, बैलाला पाणवठ्यावर उतरवावं तशी डाव्या कडेने आत घेऊ लागला. "दमानं. कडंनं. दमानं." माणसं म्हणाली, म्हातारपणी भित्रा झाला. सकाळी तिथे तांब्याभर पाणी शिंपडायचा. स्टूल मात्र सातच्या कडेलाच होतं.

काही दिवसांनी धीर करून मी विचारलं, "मग सातमध्ये आता लावू का गाडी?"

"नका."

"अरे, पण ती तिथे नाहीच ना."

त्याने त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "ती नसंल, साहेब. पन नऊ वर्सं मी हितं बसून बोलतोय. मंग मला हूं कोन म्हनत व्हतं?"

मी गाडी रस्त्यापलीकडे लावली.

धाकूदादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सात नंबर माझ्याच नावावर आहे आणि रिकामा आहे. गेटची जागा पुढच्या दुरुस्तीत दोन हात सरकवावी, असा अर्ज मी या मजकुरासोबत कमिटीला देतो आहे. दुपारी स्टूल घेऊन मी तिथे बसतो. झालं ते सगळं खरं खरं सांगतो, अगदी पहिल्या मोजणीपासून. मला अजून कुणी हूं म्हटलेलं नाही.