खालच्या रानाची कॉफी

अम्मानची शेतकी इंजिनिअर रुबा तिसऱ्यांदा आली, तेव्हा धैफल्लाने कॉफी चुलीवर ठेवतानाच नकार तयार ठेवला होता. तिचं म्हणणं एकच. खालच्या रानात मेंढ्या वर्षभर मोकाट सोडू नका. रानाचे तुकडे पाडा, आज एका तुकड्यात चरू द्या, उद्या दुसऱ्यात, आणि चरून झालेल्याला विश्रांती द्या. मुळं खोल जातील, मातीत कर्ब साठेल, ओल टिकेल. धैफल्लाचं उत्तरही ठरलेलं, की माझ्या मेंढ्या कर्ब नाही, गवत खातात. आज तो नाही म्हणाला की ती कुंपणाच्या दोऱ्या-खुंट्या गुंडाळून दुसऱ्या गावी जाणार होती. त्याच्या बायकोचं, फिद्दाचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

रुबा आधी आत जाऊन फिद्दाला भेटली. फिद्दा तिच्या कानाशी लागली, "कॉफीत माशी पडलीय गं. कप घे, पण पिऊ नकोस. आणि ह्यांना बोलू नको, बिचारे हौसेनं करतात."

बाहेर धैफल्लाने कप दिला. रुबाने तो हळूच समोर ठेवला.

झालं! आमच्या जॉर्डनात, करककडे, पाहुण्याने कॉफी न पिता कप खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचंय असं धरतात. यजमान 'दिलं' म्हणेपर्यंत तो ओठ लावत नाही, आणि कॉफी तशीच गार झाली तर घराची अब्रू गेली. अम्मानला ही रीत आता सोयरिकीपुरतीच उरलीय, त्यामुळे रुबाच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. त्यात शेजारी बसलेला धैफल्लाचा चुलतभाऊ मिजहिम म्हणजे गावचा चालता भोंगा.

धैफल्ला खाकरला. "दिलं. पाड खालच्या रानाचे तुकडे. आता पी."

रुबा हरखली. आभार मानले, पण कपाला हात लावेना. मिजहिम टक लावून कपाकडे बघत होता. धैफल्लाला घाम फुटला. मेंढ्या रोज मी स्वतः हलवीन, तो म्हणाला. कप जागचा हलला नाही. मग खुंट्याही त्यानेच ठोकायच्या ठरल्या. कप तिथेच.

"पोरी, आता अंगावरचा झगा तेवढा राहिलाय," तो काकुळतीला आला.

रुबाला भारी लाज वाटली. तिने डोळे मिटून एका घोटात कप रिकामा केला.

दुसऱ्या वसंतात खालच्या रानात गवत पोटरीला लागत होतं. मातीतला कर्बही किंचित का होईना वाढला होता, आणि धैफल्ला येईल त्याला पकडून कर्ब म्हणजे काय ते समजावत होता. रुबा आली, सुखाने कॉफी प्यायली आणि हसत हसत माशीची गोष्ट सांगून बसली.

"माझ्या कॉफीत माशी?" धैफल्ला बायकोकडे वळला.

"माशीबिशी काही नव्हती," भाजी निवडता निवडता फिद्दा म्हणाली. "सात वर्षांत खालच्या रानातली खुब्बेजाची पालेभाजी पोटात गेली नव्हती माझ्या. तुमच्या मेंढ्या एक पान ठेवतील तर शपथ."

धैफल्ला डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग त्याने स्वतःच्या हाताने तिच्यासाठी कप भरला. फिद्दाने तो घेतला, वास घेतला आणि हळूच जमिनीवर ठेवला.

धैफल्लाचं हसू थांबलं. त्याने कपाकडे पाहिलं, मग वर टेकाडाकडे.

"वरचंही रान का?"

"कॉफी गार होतेय," फिद्दा म्हणाली.