कापसाच्या खोलीतले मास्तर

देवीलालनं पोरगी द्यायला नाही म्हटलं नव्हतं. अट तेवढी घातली होती.

"माही लाली तुह्या शाळेच्या व्हरांड्यात नांदाले येईन काय? नेरले खोली घे. मी येऊन पाहीन, मंग हळद." एवढं बोलून त्यांनी चिलीम पेटवली आणि विषय संपवला.

नेमसिंग तेव्हा नेरच्या जनपद शाळेत नवा मास्तर लागला होता. पगार बेताचा, त्यातला मोठा वाटा आर्णीकडच्या तांड्यात याडीला, म्हणजे आईला जायचा. उरलेल्यात परवडेल अशी खोली तो शोधत फिरला. बाजारपेठेत फिरला, देवळामागे फिरला. जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न एकच.

"बाई कुठी हाय तुमची?"

"लगीन झालं का येईन जी."

"मंग लगीन झाल्यावरच या. सड्या माणसाले आमी ठेवत नाई."

म्हणजे खोलीशिवाय बायको नाही आणि बायकोशिवाय खोली नाही! बिचारा शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपायचा आणि पोरं यायच्या आत ती गुंडाळायचा. लालीला त्यानं तीजेच्या नाचात एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावर त्याचा जीव जडला होता. खोली नाही मिळाली तर ती दुसऱ्याच्या घरी जाणार, या विचारानं त्याला पाढेसुद्धा चुकायला लागले.

अशात विठ्ठलराव भेटले. कापसाचं मोठं शेत, घराला लागूनच एक लांबट खोली, अंगणाकडे बिनगजाची खिडकी. भाडं ऐकून नेमसिंगचा विश्वासच बसेना.

"इतकं कमी काहून जी?" असं कधी विचारू नये, पण भोळ्या माणसानं विचारलं.

"कापसाची खोली हाय, मास्तर. हंगामात माल येते. पण तुमचा एकट्याचा पसारा तो केवढा? राहान कोपऱ्यात."

आता नेमसिंगचा तांडा पडला डोंगराकडचा. बरड जमीन, ज्वारी आणि तूर पिकायची. कापूस म्हणजे घरात गाठोडंभर, याडीच्या वातींना पुरेल एवढा. तो मनात म्हणाला, चार गाठोडी खुंटीला टांगू, हाय काय अन् नाई काय! त्यानं त्याच दिवशी वळकटी आणली आणि देवीलालला निरोप धाडला. उलट निरोप आला : ज्वारी निघाल्यावर येतो.

पावसाळा कसा सुखात गेला. दिवाळीच्या सुमाराला विठ्ठलरावांची मंडळी कोकिळाबाई शेतात सीतादही करून आल्या. कापूस वेचायच्या आधीची ही पूजा. त्यांनी दहीभाताचा प्रसाद दिला, नेमसिंगनं मागून मागून खाल्ला. आपण आपल्याच बेघर होण्याचा प्रसाद खातोय हे त्याला कुठं ठाऊक?

आठवड्याभरात पहिली गाडी दारात उभी राहिली. बायांनी ओट्या रिकाम्या कराव्यात तसा कापूस खोलीत पडू लागला. नेमसिंगनं खाट भिंतीला सरकवली. दुसऱ्या गाडीला खाटेचे पाय गेले, तिसरीला खाट गेली. मग दारच उघडेना, तेव्हा मास्तर खिडकीतून जायला लागले. रस्त्यावरून पोरं ओरडायची, "गुरुजी, वर पोचले काय?"

"विठ्ठलभाऊ, अजून किती येनार?" नेमसिंगनं आढ्याखालून विचारलं.

"पहिला वेचा हाय हा!" विठ्ठलराव अभिमानानं म्हणाले.

त्यात कोकिळाबाईंनी फर्मान काढलं. "हे पाहा मास्तर, चूल पेटवाची नाई, चिमणी लावाची नाई, बिडी त् नावच नोका घेऊ. वर्षाची कमाई हाय आमची."

"मंग मी खाऊ काय, काकी?"

"कायले चिंता करता? आमच्यात खा."

तेव्हापासून खिडकीतून ताट यायला लागलं. भाकर, वरण, ठेचा, वर मायेनं धरलेली तुपाची वाटी. ते दिवस म्हणजे दिवसच होते! बाहेर थंडीनं कुत्री कुडकुडायची आणि आत नेमसिंग कापसात गळ्यापर्यंत रुतून घोरायचा. तशी झोप पुढं त्याला आयुष्यात लागली नाही. पण सकाळी जाग आली की आढ्याकडे बघत तो एकच विचार करायचा. देवीलाल येणार आणि पाहणार काय?

आणि ते आलेच. लाल फेटा, हातात काठी.

"खोली कुठी हाय?"

नेमसिंगनं खिडकी दाखवली. देवीलालनं आत डोकं घातलं आणि कितीतरी वेळ बाहेर काढलं नाही. नेमसिंगला वाटलं, गेली लाली.

"हे कोनं भरलं बे?" आतून आवाज आला.

देवीलालच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. ढिला भरलेला माल त्या रक्ताला सोसवेना. धोतराचा काचा मारून ते आत चढले आणि कापूस तुडवायला लागले. कमरेपर्यंत रुतायचे, निघायचे, पुन्हा तुडवायचे. दुपारपर्यंत कापूस बराच खाली बसला. नेमसिंगला चक्क ताठ बसण्यापुरती जागा झाली. हे पाहून विठ्ठलरावांना आनंदाचं भरतं आलं.

"वा पाव्हने! अजून एक गाडी माईन!" आणि त्यांनी ती लगेच रिकामी करायला लावलीसुद्धा.

देवीलाल दमून कापसावर आडवे झाले ते तिथंच झोपले. दिवस कलला तरी उठेनात. नेमसिंग खिडकीखाली घाम पुसत उभा. शेवटी फेटा हरवलेलं, कापसानं पांढरं झालेलं डोकं बाहेर आलं.

"हा माल विकतं कवा?" त्यांनी विठ्ठलरावांना विचारलं.

"फाल्गुनात."

"मंग लगीन बी फाल्गुनात. खोली पसंत हाय मले."

नेमसिंगनं कोकिळाबाईंच्या पायाला हात लावला आणि भर अंगणात रडला.

लाली आली. तिनं खोली सारवली, भिंतींवर पांढरी बोटं उमटवली. पण दिवाळी जवळ आली तसं दोघांचं तोंड उतरलं. बोली ती बोली. सीतादहीचा प्रसाद आला आणि नेमसिंगनं वळकटी बांधली. यंदा लालीला दिवस गेले होते. तिला घेऊन खिडकीतून चढायचं कसं?

गाडी दारात आली. विठ्ठलरावांनी आत पाहिलं, दारात पदर घेऊन उभ्या लालीकडे पाहिलं आणि खाकरले. ते काही बोलायच्या आत कोकिळाबाई गाडीवानाला म्हणाल्या, "उकंडा, बैल फिरव. माह्या माजघरात टाक सारा."

"अवं, पन मी झोपू कुठी?" विठ्ठलराव ओरडले.

"कापसावरतं."

त्या रात्री विठ्ठलराव कुरकुरत, बायकोला बोल लावत, स्वतःच्याच घरात खिडकीतून चढले. सकाळी नेमसिंग धास्तावून अंगणात आला, तर म्हातारा कानात, मिशीत कापूस घेऊन खिडकीत बसलेला. चेहरा लालबुंद.

"काय हो मास्तर," ते गरजले, "इतकी गोड झोप लागते इथं अन् तुमी एका शब्दानं सांगतलं नाई? मी भाडं इतकं कमी कायले घेतलं असतं?"