दोन ते चार भय्यासाहेब

दुपारी दोन ते चार, म्हणजे महिन्याला साठ तास निवांत झोप! एवढं शशिकांतच्या पदरात पडणार होतं. शिवाय दुकानात फोन उचलत नाहीत, असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

भेडाघाटचं संगमरवरी मूर्तींचं ते दुकान त्याच्या सासऱ्यांचं, भय्यासाहेबांचं. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. वर्षश्राद्धानंतर दुकान जावयाच्या नावावर करू, असं शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात राहणाऱ्या सासूबाई हेमलताबाई म्हणाल्या होत्या. तोवर टापटीप दिसणं भाग होतं. म्हणून त्यानं नवी सोय घेतली: दुकानाला एकच नंबर, त्यावर गोड आवाज, मूर्तीसाठी एक दाबा, फरशीसाठी दोन, आणि वेळेप्रमाणे कॉल ठरलेल्या फोनवर. दोन ते चारचे कॉल त्यानं भय्यासाहेबांच्या मोबाइलवर वळवले. मेलेल्या माणसाचा फोन बंदच असणार! गिऱ्हाईक कंटाळेल, चारनंतर करेल.

चार दिवस झकास झोप लागली. पाचव्या दिवशी कटनीच्या देवळाचे एक ट्रस्टी आले. नंदी पंधराऐवजी आठ दिवसांत हवा म्हणाले.

"बड़े साहब से बात हो गई," ते म्हणाले. "कल दोपहर में. बोलते कम हैं, पर हाँ कर दी."

भय्यासाहेब वारलेत, हे सांगायला शशिकांतची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी दमोहचा माणूस तेच बोलला. मग सतन्याचा. सगळ्यांचे फोन दोन ते चारमधले.

त्या दुपारी झोप कुठली! डोळे कोरायचे राहिलेल्या मूर्ती रांगेत उभ्या होत्या, तरी सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्यानं दुकानाचाच नंबर लावला. गोड आवाज झाला. त्यानं एक दाबलं. घंटी वाजली, आणि कोणीतरी फोन उचलला. पलीकडे नुसता श्वास.

"भय्यासाहेब?"

"हूं."

आयुष्यभर ते फोनवर एवढंच बोलले होते. शशिकांत ताडकन उभा राहिला.

"चुकलो, भय्यासाहेब. शटर पाडून झोपून राहिलो मी. अन् राजस्थानच्या तयार मूर्ती आपल्या कारागिरांच्या म्हणून विकून राहिलो. सासूबाईंना काय कळते, असं वाटलं."



"जावईबापू," पलीकडून हेमलताबाई म्हणाल्या, "थांबले काहून? मी ऐकून राहिली ना."

भय्यासाहेबांचा मोबाइल त्या रोज चार्ज करून त्यांच्या तसबिरीपुढे ठेवत. रिचार्जही चुकवला नव्हता. पहिल्याच गिऱ्हाइकानं भय्यासाहेब का, असं विचारलं, तेव्हा ते नाहीत हे त्यांच्या तोंडून निघेना. 'हूं' तेवढं निघालं. गिऱ्हाइकानं तो होकार धरला, आणि पुढच्यांनाही तेच मिळत गेलं.

शेवटचा हिशेब असा. गिऱ्हाइकांना मूर्ती लवकर मिळाल्या. राजस्थानचा माल परत गेला, त्याचं भाडं शशिकांतनं भरलं. दुकान सासूबाईंच्या लेकीच्या, म्हणजे शशिकांतच्या बायकोच्या, पद्मजाच्या नावावर झालं. शशिकांत तिथं नोकरीला आहे, आणि मालकीण घरचीच असल्यामुळे आजारी असल्याची थापही चालत नाही.